ढेमस्याचा वाढदिवस आणि आजींचे औक्षण

वाचकाचे पत्र : आमच्या नऊ वर्षांच्या मुलाने एक पॅकमन बेडूक पाळला आहे. गोल, हिरवा आणि जागचा न हलणारा म्हणून त्याने त्याचे नाव ढेमस्या ठेवले. तो गेल्या वर्षी २५ मे रोजी घरी आला, त्यामुळे याच तारखेला त्याचा पहिला वाढदिवस करायचा असा मुलाचा हट्ट आहे. पंधरा-सोळा मित्रांना बोलावणे गेले आहे. केक, फुगे, स्नो स्प्रे, गाणी अशी यादीही तयार आहे. सासूबाई म्हणतात की घरातल्या जीवाचा वाढदिवस म्हटल्यावर कुंकू लावून औक्षण झालेच पाहिजे. एक मित्र आपल्या बागेतला बेडूक पाहुणा म्हणून आणणार आहे. मुलाचा उत्साह मोडवत नाही, पण ढेमस्याला काही झाले तर तो फार खचेल. काय करावे आणि काय टाळावे? आणि मुळात ही तारीख वाढदिवसाची म्हणता येईल का? (एक आई, मनीषनगर, नागपूर)

ताई, सप्रेम नमस्कार.

वाढदिवस अवश्य करा. मुलाने एका मुक्या जीवाला वर्षभर सांभाळले, नेमाने पाणी बदलले, खाऊ दिला, आणि त्या जीवाचा दिवस साजरा व्हावा असे त्याला मनापासून वाटते, ही तुमच्या घरातली मोठी चांगली गोष्ट आहे आणि ती दडपू नये. माझी अट एकच आहे. समारंभ दिवाणखान्यात होऊ द्या आणि ढेमस्याच्या खोलीत २५ मे हा २४ मेसारखाच जाऊ द्या. आजचा दिवस वेगळा आहे हे त्याला कळलेसुद्धा नाही, तर वाढदिवस नीट पार पडला असे समजा. पुढचे सर्व सांगणे या एका अटीतूनच निघते.

आधी तारखेचे पाहू. ढेमस्याची जन्मतारीख बहुधा दुकानदारालाही सांगता येणार नाही, आणि सांगता आली तरी कोणता जन्म धरायचा हा प्रश्न उरतोच. पक्षी आधी अंड्याच्या रूपाने आणि मग अंडे फोडून असा दोनदा जन्मतो म्हणून संस्कृतात त्याला द्विज म्हटले आहे. बेडूक तर अंड्यातून शेपटीचा आणि कल्ल्यांनी श्वास घेणारा जीव म्हणून बाहेर पडतो, आणि काही आठवड्यांनी पाय फुटून, शेपूट अंगात जिरवून, फुप्फुसांनी श्वास घेत पाण्याबाहेर येतो, म्हणजे त्याचे तीन जन्म मानावे लागतील. त्यापेक्षा तो तुमच्या घरी आला ती तारीख खरी, कारण त्याची जबाबदारी तुम्ही त्या दिवशी घेतली. फक्त मुलाच्या वहीत ‘वय एक वर्ष’ असे न लिहिता ‘घरी येऊन एक वर्ष’ असे लिहायला सांगा, म्हणजे पुढे कधी पशुवैद्यांना वय सांगताना घोटाळा होणार नाही. चांगली निगा राखली तर हा बेडूक दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतो. तेव्हा यंदा जी पद्धत पडेल तीच मुलगा कॉलेजात जाईपर्यंत चालेल, आणि म्हणूनच पहिल्या वर्षी नीट विचार केलेला बरा.

आता औक्षणाचा प्रश्न, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बेडकाला घरात होणारी बहुतेक इजा ही त्याची कातडी काय असते हे ठाऊक नसल्यामुळे होते. आपली त्वचा ही भिंतीसारखी आहे, तर बेडकाची त्वचा ओल्या मलमलीसारखी आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून ते शोषून घेतो. त्याच्या श्वासाचा काही भागही ओल्या त्वचेतूनच चालतो. ज्या वाटेने पाणी आणि प्राणवायू आत जातो त्याच वाटेने इतर पदार्थही आत जातात, आणि ते बाहेर थोपवण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. कुंकू हे परंपरेने हळदीवर चुन्यासारख्या क्षाराची प्रक्रिया करून बनवतात आणि बाजारातल्या पुडीत रंगद्रव्येही असू शकतात. आपल्या कपाळाला त्याचे काही वाटत नाही, पण बेडकाच्या डोक्यावर लावलेले बोट त्याच्या अंगात उतरते. अक्षता, गुलाबपाणी, अत्तर, चंदन यांचेही तेच. निरांजनाची आच आणि कापराचा धूर यांबद्दल तर वेगळे सांगायला नको. नागपूरच्या घरात मुले सजावटीला संत्र्याची साल हमखास घेतील. तिच्यातले तेलही या कातडीला झोंबते, म्हणून ती पेटीत पडणार नाही याची काळजी घ्या.

हे मी पुस्तकी माहितीवरून लिहीत नाही. पूर्वी माझ्याकडे एक बेडूक होता आणि त्याची पेटी मी देवघराच्या खोलीत ठेवली होती. एका सणाच्या दिवशी सकाळी धूप झाला, संध्याकाळी डास फार म्हणून डासांचे लिक्विड मशीन रात्रभर चालू राहिले, आणि पहाटे तो पाय ताणून निपचित पडलेला दिसला. कोणत्या धुराने घात केला हे मला कधीच कळले नाही, आणि तो गेला. डासांच्या कॉइलमध्ये आणि मशीनमध्ये वापरली जाणारी पायरेथ्रॉइड जातीची रसायने मासे आणि बेडूक यांना फार घातक असतात, हे मी तेव्हा वाचले असते तर बरे झाले असते. म्हणून तुम्हाला कळकळीची विनंती आहे की त्या दिवशी, आणि खरे तर कोणत्याच दिवशी, ढेमस्याच्या खोलीत कॉइल, मशीन, अगरबत्ती, रूम फ्रेशनर किंवा झुरळांचा फवारा वापरू नका. स्नो स्प्रे तर यादीतून पूर्णपणे काढून टाका. पाहुणे येणार म्हणून फरशी फिनाईलने पुसली जाईल. ती खोली मात्र साध्या पाण्यानेच पुसावी.

मग आजींच्या इच्छेचे काय? त्यांचे म्हणणे मला अगदी योग्य वाटते. घरातल्या जीवाला ओवाळावे ही भावना मोठी आहे आणि तिला नागपुरातच एक सुंदर वाट आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण तान्हा पोळा करतो. मुले लाकडी नंदी सजवतात, त्याला झूल घालतात, दारोदार नेतात, बायाबापड्या त्या लाकडी बैलाला कुंकू लावून ओवाळतात आणि मुलांच्या हातावर खाऊ ठेवतात. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेल्या या सणात बैलाचा मान कोठेही उणा होत नाही. तसाच एक मातीचा ढेमस्या करा. शाडूची किंवा कुंभाराकडची माती आणून वाढदिवसाच्या दोन दिवस आधी मुलाला तो घडवू द्या, वाळल्यावर हिरवा रंग देऊ द्या, आणि दिवाणखान्यात पाटावर बसवा. आजी त्याला कुंकू लावतील, अक्षता वाहतील, निरांजनाने ओवाळतील. मुले त्याच्यापुढे केक कापतील. मला आणखी एक सुचवावेसे वाटते. त्या ओवाळणीत आजींनी आपल्या नातवालाही पाटावर बसवावे, कारण वर्षभर त्या बेडकाला ज्याने जगवले त्याचे औक्षण त्या दिवशी व्हायलाच हवे.

विदर्भात पाऊस लांबला की कडुनिंबाच्या डहाळ्यांत बेडूक बांधून धोंडी काढण्याची जुनी रीत आहे. आजींनी लहानपणी ती पाहिली असेल. त्यामागे पावसाची आर्त विनवणी असते, पण त्या बेडकाचे त्या दिवशी काय होते हेही त्यांना आठवत असेल. मातीच्या बेडकाची कल्पना त्यांना पटवून देताना या आठवणीचा उपयोग होईल असे मला वाटते.

तारखेमुळे आणखी एक गोष्ट गंभीर झाली आहे. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो तो दिवस साधारण २५ मे, म्हणजे ढेमस्याचा वाढदिवस नेमका नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागण्याच्या दिवशी आला आहे. २०१३ च्या मे महिन्यात आपल्या शहराने ४७.९ अंश तापमान पाहिले आहे. पॅकमन बेडकाला साधारण २४ ते २८ अंश मानवतात, आणि ३० च्या वर पारा बराच काळ राहिला तर तो हळूहळू खंगतो. हा बेडूक दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातला आहे, त्याला उन्हाचे काही वाटत नाही, असे विकणारे सांगतात, पण ते अर्धेच खरे आहे. पाळण्यासाठी विकली जाणारी त्याची सर्वांत परिचित जात अर्जेंटिना, पॅराग्वे आणि बोलिव्हिया यांच्या चाको प्रदेशातली आहे आणि तिथेही उन्हाळा कडक असतो. पण तिथला बेडूक कोरड्या दिवसांत जमिनीत खोल पुरून घेतो, अंगाभोवती जुन्या कातडीचे कवच करतो आणि पावसाची वाट पाहत पडून राहतो. काचेच्या पेटीत ती सोय नसते.

म्हणून पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून आणि वरच्या मजल्यापासून दूर, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा आणि आत एक साधे डिजिटल तापमापक लावा, ज्यावर हवेतली आर्द्रताही दिसते. ही आर्द्रता ६० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राहिली पाहिजे. नवतप्यात आपल्याकडची हवा पापडासारखी कोरडी असते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ पेटीत पाण्याचा बारीक फवारा द्यावा लागेल. कूलरची ओलसर हवा खोलीत असणे चांगले, पण तिचा झोत थेट पेटीवर येऊ देऊ नका आणि कूलरच्या टाकीतले पाणी पेटीत चुकूनही वापरू नका, कारण डासांच्या अळ्यांसाठी त्यात औषध टाकलेले असते. एसी लावत असाल तर २६ ते २७ अंशांवर ठेवा, आणि हवा आणखी कोरडी होत असल्याने फवारा एकदा जास्त द्या. वीज गेलीच तर बर्फ पाण्यात टाकू नका आणि बेडूक फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नका. गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून पेटीच्या बाहेर, एका बाजूला टेकवून ठेवा, म्हणजे त्याला हवी असेल तर गारव्याकडे जाता येईल. अशा दिवसांत तो कोकोपीटमध्ये, म्हणजे पेटीत अंथरलेल्या नारळाच्या काथ्याच्या भुशात, डोळ्यांपर्यंत पुरून बसला तर त्याला दाखवण्यासाठी उकरून काढू नका. वाढदिवसाच्या दिवशी उत्सवमूर्ती दिसलीच नाही तरी चालेल, आणि हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

पाण्याबद्दल एक सूचना. नळाला येणारे पेंच-कन्हानचे पाणी क्लोरीन घालून शुद्ध केलेले असते आणि ते आपल्यासाठी आवश्यकच आहे, पण बेडकाच्या कातडीला ते सोसत नाही. फवाऱ्याचे आणि भांड्यातले पाणी एक दिवस उघड्या तोंडाच्या बादलीत ठेवून, आणि शक्य असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे क्लोरीन काढणारे थेंब घालूनच वापरा.

सोळा मुले एका खोलीत आली की तापमान वाढते, दार सतत उघडझाप होते, काचेवर टिचक्या पडतात आणि मोबाईलचे फ्लॅश चमकतात. ढेमस्या निशाचर आहे. त्याचे डोळे अंधारासाठी बनलेले आहेत, आणि जमिनीतून येणारी थरथर त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवते; स्पीकरचा घुमणारा आवाज त्याच्यासाठी मोठ्या शत्रूची चाहूल असते. म्हणून गाणी दिवाणखान्यातच आणि बेताच्या आवाजात लावा, फुगे त्याच्या खोलीपासून दूर फोडा, खोलीचे दार बंद ठेवा आणि त्यावर मुलाच्या हातची पाटी लावा. मुलांना त्याला पाहायचे असणारच. त्यासाठी संध्याकाळी दोघादोघांना, एका मोठ्या माणसाबरोबर, दोन मिनिटे आत न्या, आणि पेटीपासून एक हात अंतरावर उभे करा. कोणीही त्याला हातात घेऊ नये, आणि याला तुमचा मुलगाही अपवाद नसावा. हा बेडूक समोर हललेल्या कोणत्याही गोष्टीवर तोंड टाकतो, त्याच्या जबड्यात दातांसारखी टोके असतात, आणि लहान बोट त्याला गांडुळापेक्षा वेगळे दिसत नाही. शिवाय बेडकांच्या अंगावर साल्मोनेला हे जीवाणू असू शकतात, ज्यांनी बेडकाला काही होत नाही पण लहान मुलांना जुलाब-तापाचा मोठा त्रास होऊ शकतो. पाच वर्षांखालची भावंडे येणार असतील तर त्यांना त्या खोलीत नेऊच नका. बाकीच्यांनी बाहेर आल्यावर साबणाने हात धुवावेत आणि त्यानंतरच केकला हात लावावा. पेटीतले भांडे स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुण्याची सवय असेल तर ती आजच मोडा.

बागेतल्या बेडकाला पाहुणा म्हणून आणण्याची कल्पना मात्र ठामपणे नाकारा. मुलांच्या मनात मैत्री आहे, पण ढेमस्याला दुसरा बेडूक दिसला तर तो त्याला मित्र न मानता घास मानील. त्याच्या जातीत आपल्याच भावंडांना गिळणे ही नेहमीची गोष्ट आहे. आणि आपल्या बागेत सर्वांत जास्त दिसणारा खरबरीत अंगाचा भेक डोळ्यांमागच्या ग्रंथींत विष बाळगून असतो, तेव्हा तो घास ढेमस्याचा शेवटचा ठरू शकतो. दोघे एकमेकांना गिळू शकले नाहीत तरी त्वचेचे बुरशीजन्य रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. अशाच एका बुरशीने जगभरात बेडकांच्या अनेक जाती संपवल्या आहेत. याच कारणाने तुमच्या पेटीतले पाणी आणि जुने कोकोपीट बागेत किंवा नाल्यात टाकू नका, आणि पुढे कधी कंटाळा आला म्हणून ढेमस्याला अंबाझरी किंवा फुटाळ्याच्या काठावर सोडण्याचा विचारही मनात आणू नका. त्या मित्राचा बेडूक त्याच्या बागेतच राहू द्या. मृगाचा पाऊस पडला की एका रात्री मोठ्यांबरोबर टॉर्च घेऊन सगळ्या मुलांनी तिथे जाऊन त्याचे डराँव डराँव ऐकावे, हे आमंत्रण जास्त आनंदाचे होईल.

खाऊविषयी मुलांचे प्रश्न सर्वांत जास्त असतील. केक, क्रीम, पनीर, भात, फळ यांपैकी काहीही ढेमस्यासाठी नाही, एक कणही नाही, कारण तो केवळ हलणारे भक्ष्य खातो आणि त्याचे पोट त्याच्याशिवाय दुसरे काही पचवू शकत नाही. त्याच्या वाढदिवसाचा मान म्हणजे एक चांगले गांडूळ किंवा दोन-तीन पोसलेले रातकिडे, वर कॅल्शियमची चिमूटभर पावडर. गांडूळ फवारणी न झालेल्या मातीतले घ्या. खताच्या ढिगातली लालसर, वास मारणारी गांडुळे बरेच बेडूक थुंकून टाकतात. या वयात त्याला आठवड्यातून साधारण दोनदाच खायला लागते, त्यामुळे वाढदिवस म्हणून एक जादा जेवण देऊ नका, तर आठवडाभर आधीपासून पाळी थोडी सरकवत आणा म्हणजे नेहमीचेच जेवण २५ तारखेच्या संध्याकाळी येईल. हे प्राणी आधीच खादाड आणि आळशी असतात आणि लठ्ठपणाने त्यांचे आयुष्य घटते. जेवण मुलाने एकट्याने, तुमच्या देखत, लांब आणि मऊ टोकाच्या चिमट्याने द्यावे; धातूच्या टोकावर त्याने झडप घातली तर जबड्याला इजा होते. तुम्ही फ्लॅश न वापरता त्याचे चित्रीकरण करा आणि तेच दिवाणखान्यातल्या टीव्हीवर सर्वांना दाखवा. घास गिळताना बेडूक डोळे मिटून आत ओढतो, आणि ते डोळे खरोखरच घासाला घशाकडे ढकलायला मदत करतात; सोळा मुले हे पडद्यावर मोठे करून पाहतील तेव्हा जो गलका होईल तो दिवाणखान्यातच राहील. संत्रा बर्फी आणि केक मुलांसाठी आहेतच.

भेट द्यायची असेल तर एक रुंद, उथळ पाण्याचे भांडे द्या, ज्यात पाणी त्याच्या हनुवटीच्या वर येणार नाही, कारण हा बेडूक चांगला पोहणारा नाही आणि खोल पाण्यात बुडू शकतो. नवे कोकोपीट घालणार असाल तर ते मिठाचा अंश निघेपर्यंत धुऊन, तीन-चार दिवस आधीच घाला, म्हणजे घर बदलल्याचा त्रास आणि पाहुण्यांची वर्दळ एकाच दिवशी त्याच्या वाट्याला येणार नाही. चकाकणारे मणी, लहान गोटे, प्लॅस्टिकच्या टोप्या पेटीत ठेवू नका. भक्ष्याबरोबर ते पोटात जातात आणि आतडे बंद करतात.

वाढदिवसानंतरचे दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. एखादे जेवण त्याने नाकारले तर घाबरू नका, पण पोटाखाली किंवा मांड्यांवर लाली दिसली, अंग फुगले, तोंड उघडे राहू लागले, डोळे धूसर झाले किंवा खाल्लेले बाहेर आले, तर त्याच दिवशी पशुवैद्यांशी बोला. सेमिनरी हिल्स परिसरातल्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून उभयचर प्राणी तपासणारे कोण आहेत हे आजच विचारून ठेवा, कारण गरज पडल्यावर शोधायला वेळ नसतो. न्यायचे झाले तर भोके पाडलेल्या डब्यात ओला, बिनवासाचा टिश्यू पेपर घालून, उन्हाआधी सकाळी न्या.

आणि २५ तारखेला सकाळी, त्याला हलवण्याची गरज पडली तरच, ओल्या नायट्राइल हातमोज्यांनी उचलून स्वयंपाकघराबाहेरच्या वेगळ्या काट्यावर एकदा वजन करा आणि मुलाच्या वहीत ते तारखेसह लिहून घ्या; तो पुरून बसला असेल तर वजन राहू द्या, पुढच्या सफाईच्या दिवशी करा. मातीचा ढेमस्या नीट वाळला तर त्याचे एक छायाचित्र मला जरूर पाठवा.